अंगावर पित्त उठलेला पेशंट: कॅज्युअल्टीत नव्याने येणाऱ्यांसाठी

अंगभर लालभडक गांधी घेऊन, दोन्ही हातांनी खाजवत पेशंट आला की नव्या डॉक्टरची नजर त्वचेवरच खिळते. इंटर्नना मी पहिल्या दिवसापासून सांगते, त्वचा थोडी नंतर बघा, आधी त्याला बोलतं करा. आवाज बसलाय का? गिळताना अडतंय का? एका दमात पूर्ण वाक्य बोलतोय का? बोलता बोलता नाडी, बीपी, ऑक्सिजन बघून घ्या, छातीला स्टेथो लावा. उलट्या, पोटात कळ, चक्कर हेही मुद्दाम विचारा, कारण खाजेपुढे पेशंट ते सांगायचं विसरतो.

गांधींसोबत श्वास किंवा बीपीची गडबड असेल तर ती ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, समजा आणि ॲड्रेनॅलिन द्या. मोठ्या माणसाला १:१००० तीव्रतेचं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. फरक पडला नाही तर ५ मिनिटांनी पुन्हा. पेशंटला आडवं ठेवा, पाय वर. दम लागत असेल तर बसू द्या, पण एकदम उभं करू नका. ‘आधी एव्हिल (ॲलर्जीवरचं अँटिहिस्टामिन) आणि हायड्रोकॉर्ट (स्टेरॉइड) देऊन बघू’ हा विचार इथे घातक ठरतो. एव्हिलने खाज कमी होते, घशाची सूज किंवा पडलेलं बीपी सावरत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायलाच काही तास जातात.

बहुतेक पेशंट मात्र नुसत्या गांधी आणि खाज घेऊनच येतात. त्यांना ॲड्रेनॅलिन लागत नाही. सेटिरिझिन १० मिलिग्रॅम, किंवा लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांपैकी एक अँटिहिस्टामिन गोळी पुरते. एव्हिलच्या इंजेक्शनने झोप येते, म्हणून नंतर गाडी चालवू नका हे सांगायलाच हवं. स्टेरॉइड सर्रास दिलं जातं, ते मला पटत नाही. त्रास फारच असेल, ओठ-पापण्या सुजल्या असतील तर थोडे दिवस द्यावं, एवढंच. थंड पाण्याच्या पट्ट्या जरूर ठेवा. खाजेने रात्रभर जागलेल्या माणसाला त्याने खरंच बरं वाटतं, आणि ‘नुसती खाज तर आहे’ असं कुणी त्याच्यासमोर म्हणू नये.

कारण शोधताना औषधांपासून सुरुवात करा. अँटिबायोटिक, आणि अंगदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पित्त उठतंही आणि असलेलं वाढतंही. बरेच जण त्यांना औषधात मोजतच नाहीत, म्हणून नाव घेऊन विचारा. लहान मुलांत बहुतेकदा नुकताच होऊन गेलेला व्हायरल ताप असतो. पुष्कळदा कारण सापडत नाही, आणि त्यासाठी रक्ताच्या ढीगभर तपासण्या लिहायची गरज नसते.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. नुसती ओठ-जिभेची सूज, खाज नाही, गांध एकही नाही, आणि पेशंट बीपीसाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल घेतोय: ही सूज शरीरातल्या ब्रॅडिकायनिन या रसायनामुळे येते, तिथे अँटिहिस्टामिन चालत नाही. ती गोळी थांबवा, श्वासमार्गावर लक्ष ठेवा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना लवकर बोलवा. दुसरी गोष्ट, एका गांधीभोवती पेनाने रेघ मारा. साध्या पित्ताची गांध २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते, दुसरीकडे नवी उठते. तीच गांध तिथेच राहिली, दुखली, मागे काळसर डाग उरला तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा.

घरी सोडताना घाई करू नका. उद्या पुन्हा गांधी उठतील, हे आजच सांगा, नाहीतर औषध लागू पडलं नाही म्हणून पेशंट गोळी बंद करतो. गोळी काही दिवस रोज घ्यायची, खाज असो वा नसो. दिसेल त्या गांधीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा. आवाज बदलला, जीभ जड झाली, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच परत यायचं, हे पेशंटबरोबरच सोबत आलेल्या नातेवाइकालाही सांगा आणि कागदावर लिहून द्या. ६ आठवडे उलटूनही पित्त उठतच राहिलं तर तो जुनाट प्रकार. त्याचे उपचार कॅज्युअल्टीत नाही, ओपीडीत.