बांधकामाची नोटीस आली? आधी कलम वाचा, आणि या चुका टाळा

पालिकेचा माणूस नोटीस घेऊन दारात आला की बऱ्याच घरांत पहिलं वाक्य हेच, "घेऊ नका, सही करू नका". अहो, घेतली नाही तर ती दारावर चिकटवतात, फोटो काढतात आणि बजावली असं धरलं जातं, मुदत सुरू होते आणि तुमच्या हातात कागदच नसतो! म्हणून घ्या, सहीखाली तारीख टाका, पोस्टाने आली तर पाकीटही जपून ठेवा, कारण नोटिशीवरची तारीख आणि तुम्हाला मिळाल्याची तारीख यात अंतर पडतं.

दुसरी चूक म्हणजे "पाडून टाकू" एवढंच वाचून घाबरणं. खरं बघायचं ते कलम. मुंबईत 1888 च्या महानगरपालिका कायद्यात 354 आणि 354अ अशी दोन कलमं आहेत आणि लोक हमखास गोंधळतात. 354 म्हणजे इमारत धोकादायक, पडायला आलीय. 354अ म्हणजे चालू असलेलं काम बेकायदा दिसतंय, थांबवा. फरक एका अक्षराचा, पण पहिल्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठावा लागतो आणि दुसऱ्यात परवानगीचे कागद काढावे लागतात. 351 असेल तर हे काम का पाडू नये याचं कारण तुम्हाला विचारलंय, म्हणजे उत्तर द्यायची संधी आहे, ती सोडू नका. मुंबईबाहेरच्या महापालिकांना 1949 चा कायदा, तिथे बेकायदा कामाला 260 आणि धोकादायक इमारतीला 264. शिवाय 1966 चा एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आहेच, त्यातलं 53 झालेल्या कामाबद्दल, 54 चालू कामाबद्दल.

54 ची नोटीस आल्यावर "स्लॅब तेवढा टाकून घेऊ, मग बघू" हे कृपा करून करू नका. थांबवा सांगितल्यावर काम चालू ठेवणं हा वेगळा गुन्हा होतो, मग मूळ बांधकाम परवानगीत बसणारं असलं तरी तुमची बाजू कमजोर पडते.

53 मध्ये एक सोय आहे जी खूप जणांना माहीतच नसते. काम नियमात बसू शकत असेल तर ते ठेवायची परवानगी मागायला कलम 44 खाली अर्ज करता येतो, पण नोटिशीतल्या मुदतीच्या आत. तुमच्या प्रकाराला हे लागू होतं का ते आर्किटेक्टला लगेच विचारा, शेवटच्या दिवशी नाही.

आणि शास्ती, म्हणजे बेकायदा बांधकामावर लागणारा दंडाचा कर! "आम्ही शास्ती भरतोय, म्हणजे आमचं नियमित झालं" हे मी इतक्या वेळा ऐकलंय. नाही होत. 1949 च्या कायद्यात कलम 267अ मध्येच स्पष्ट लिहिलंय की हा कर भरला म्हणून बांधकाम नियमित ठरत नाही. लाईट बिल, पाणीपट्टी, घरपट्टी यांचंही तेच, ती परवानगी नव्हे.

13 नोव्हेंबर 2024 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बरेच जण पुढे करतात. त्यात पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस, सुनावणी आणि कारणांसह लेखी आदेश हवा असं सांगितलंय. हे महत्त्वाचं संरक्षण आहे, पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी अशा ठिकाणच्या अतिक्रमणाला ते लागू नाही, तेव्हा फुटपाथवर आलेल्या शेडसाठी त्याचा आधार घेऊ नका.

उत्तर देताना "आम्ही गरीब आहोत, शेजाऱ्यांनीही केलंय" यावर पान भरवू नका, शेजाऱ्याचं बेकायदा असणं तुमचं कायदेशीर करत नाही. नोटिशीत मोजमाप काय लिहिलंय ते टेप घेऊन स्वतः तपासा, मजला किंवा फ्लॅट नंबर चुकीचा असू शकतो, तो लेखी दाखवून द्या. सोबत मंजूर नकाशा, सीसी (काम सुरू करायचा दाखला), भोगवटा प्रमाणपत्र जोडा, आणि नकाशा हाताशी नसेल तर माहिती अधिकारात मागवा, पण त्याची वाट बघत मुदत जाऊ देऊ नका, "कागद मागवलेत, वेळ द्या" असं लिहून मुदतीतच खुलासा द्या. साहेबांशी तोंडी बोलणं झालं असलं तरी फाईलमध्ये त्याची नोंद नसते, म्हणून प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच ऑफिसातून बाहेर पडा.