रात्री ड्रम भरा, पण औषध सकाळीच कालवा

पोळा सरला की आपली कपाशी पाते-फुलांवर येते आणि बोंडअळीच्या धाकाने पंप खांद्यावरून उतरत नाही. शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळे २०० लिटरचा ड्रम रात्रीच भरून ठेवावा लागतो. मजूर सकाळी लवकर येणार म्हणून मीही एकदा प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक रात्रीच ओतून मोकळा झालो होतो. सकाळी पाणी छान दुधाळ होते, फवाराही नीट बसला. चौथ्या दिवशी फूल उकलून पाहिले तर अळी जिवंत. दुकानदाराला शिव्या घातल्या. दोष बोअरच्या पाण्याचा आणि माझ्या घाईचा होता.

प्रोफेनोफॉसच्या रेणूत मधोमध फॉस्फरस बसलेला असतो. त्याला चिकटलेला ऑक्सिजन आणि ब्रोमिन-क्लोरीन असलेले वलय, दोघेही इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात. फॉस्फरस उघडा पडतो. सामू (pH, म्हणजे पाणी आंबट की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) जास्त असलेल्या पाण्यातले हायड्रॉक्साईड नेमके तिथेच धरते आणि वलय तुटून बाजूला होते. सामू ७ असेल तर निम्मे औषध फुटायला दोन आठवडे लागतात. ९ असेल तर सहा तासही पुरतात. क्लोरपायरीफॉस त्याच घराण्यातले, पण त्यात ऑक्सिजनच्या जागी गंधक आहे. त्याची ओढ कमी, म्हणून सामू ९ लाही ते कितीतरी दिवस तग धरते. कॅप्टान बुरशीनाशकातला नायट्रोजन-गंधकाचा सांधा तर इतका कच्चा की अशा पाण्यात काही मिनिटांत खेळ खलास. दुधाळ रंगावर जाऊ नका. औषध फुटले तरी तो तसाच राहतो.

चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो म्हणजे सामू जास्तच, असे धरून चालू नका. सामू मोजायची पट्टी मिळते, ती आणा. पट्टी ८ च्या वर गेली तर एक लिटर पाण्यात लिंबूसत्व मोजून चिमूट-चिमूट टाका. जरा बुडबुडे येतील. दहा मिनिटे थांबून परत पट्टी बुडवा, कारण वायू निघून गेला की सामू थोडा वर सरकतो. ६ ते ६.५ वर स्थिरावला की तेच प्रमाण ड्रमला लावा. आधी लिंबूसत्व, मग औषध. उलटे केले तर तेवढ्या वेळात व्हायचे ते नुकसान होतेच.

ड्रम सावलीत ठेवा. पाणी तापले की फुटण्याचा वेग आणखी वाढतो. कालवलेले त्याच दिवशी संपवा. उरले म्हणून दुसऱ्या दिवशी त्यात ताजे औषध वाढवून मारणे म्हणजे किती मारले याचा हिशेबच नाही. मात्रा लेबलवरचीच, हातमोजे-मास्क घालूनच.

कॉपर ऑक्सिक्लोराईड या तांब्याच्या बुरशीनाशकाच्या पाण्यात मात्र लिंबूसत्व नको. आंबट पाण्यात तांबे जास्त विरघळते आणि पाने करपतात. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकात सामू वाढवणारा चुना असतो, त्यामुळे त्यात प्रोफेनोफॉस कधीच मिसळू नका.