मोठा टर्बो बसवल्यानंतर बूस्ट वाढवण्यापूर्वीची तयारी

तेलाच्या नळ्या, गॅस्केट आणि क्लॅम्प तपासायचे असतात हे कोणी सांगायला नको. पहिली खरी बाब म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा मॅप सेन्सर. त्याची कमाल मर्यादा किती बार आहे, हे इंजिन सुरू करण्यापूर्वीच पाहून कागदावर लिहून ठेवावे. हा आकडा निरपेक्ष दाबाचा असतो, त्यामुळे 2.5 बारच्या सेन्सरला, वातावरणाचा सुमारे 1 बार वजा जाता, जेमतेम 1.5 बार बूस्ट (वातावरणापेक्षा जास्तीचा दाब) दिसतो.

मागच्या वेळी मी नेमके हेच विसरलो. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, लक्ष्य 2.7 बार भरले आणि सेन्सर मूळचा 2.5 बारचाच राहू दिला. लॉगमध्ये, म्हणजे गाडी चालताना नोंदलेल्या आलेखात, दाबाची रेषा 2.5 ला पोचून पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली, तेव्हा दाब किती स्थिर आहे म्हणून मी खूशही झालो. प्रत्यक्षात लक्ष्य अजून गाठले नाही असे समजून ईसीयू सोलेनॉइडची (वेस्टगेटकडे जाणारा दाब अडवणाऱ्या विद्युत झडपेची) ड्यूटी, म्हणजे चालू राहण्याचे प्रमाण, वाढवत होता, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप) उघडत नव्हते, खरा दाब चढत होता आणि इंधन मात्र 2.5 बारच्याच हिशेबाने जात होते. ओव्हरबूस्ट कट, म्हणजे दाब फार चढल्यास इंजिनाची ताकद तोडणारी सोय, 2.8 वर लावलेला होता. पण जो आकडा ईसीयूला दिसूच शकत नाही, त्यावर कट लागणार कसा? नॉक (सिलिंडरमधील इंधनाचा अवेळी स्फोट) ऐकू येऊन पाय उचलेपर्यंत एका पिस्टनची रिंगांमधली कड तुटली होती.

म्हणून आधी सेन्सर. तो बदलल्यास ईसीयूमधील त्याचे व्होल्टेजवरून दाब काढणारे कोष्टकही बदलावे, अर्धे काम करू नये. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली की समुद्रसपाटीजवळ सुमारे 1 बार दिसला पाहिजे, 3.5 बारचा सेन्सर जुन्याच कोष्टकावर चालत असेल, तर तिथे 0.7 च्या आसपासचा आकडा दिसतो.

यानंतर सोलेनॉइडची ड्यूटी शून्य ठेवून एक फेरी मारावी. त्या वेळी मिळणारा दाब वेस्टगेटच्या स्प्रिंगचा असतो आणि त्याच्या खाली ईसीयू जाऊ शकत नाही. शून्य ड्यूटीवरही आरपीएमबरोबर दाब चढत राहिला, तर वेस्टगेट अपुरे आहे. संगणकात कितीही आकडे बदलले तरी ते सुधारणार नाही. ड्यूटी थोडी थोडी वाढवावी, प्रत्येक फेरीचा लॉग पाहावा आणि सेन्सरची मर्यादा लिहिलेला तो कागद समोर ठेवावा. मोठा टर्बो उशिरा फिरू लागतो. तोवर पीआयडीमधील (दाब लक्ष्यावर आणणाऱ्या नियंत्रणातील) इंटिग्रल, म्हणजे लक्ष्यापासूनच्या फरकाची बेरीज, साठत जातो आणि दाब लक्ष्याच्या वर उसळतो, म्हणून इंटिग्रल सुरुवातीला कमी ठेवावा.

इंजेक्टर, पंप, प्लगची गॅप, वाइडबँड (हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा सेन्सर) हे सगळे पाहून घ्यावे. रेषा सेन्सरच्या मर्यादेला टेकून सरळ झालेली दिसली, तर पुढची फेरी मारू नये.