स्केलर आणि क्युरेट : निवड, पकड आणि धार

स्केलर आणि क्युरेट या हाताने वापरायच्या उपकरणांनी दातांवरील कीटण, म्हणजे साचून कडक झालेला थर, काढताना हाताला फार जोर लावावा लागत असेल, तर आधी पाते, कोन आणि धार या तीन गोष्टी तपासाव्यात. कीटण कोठे आणि किती खोल आहे, हे प्रोब (खोली मोजण्याची खुणा असलेली सळई) आणि एक्सप्लोररने (चाचपण्याच्या बारीक टोकाच्या उपकरणाने) पाहिल्याखेरीज उपकरण हातात घेऊ नये.

सिकल स्केलरच्या पात्याचा छेद त्रिकोणी असतो आणि टोक अणकुचीदार असते, म्हणून तो हिरडीच्या वर दिसणाऱ्या कीटणासाठीच वापरावा. पॉकेटमध्ये, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत, खोल घातल्यास हिरडी फाटते आणि मुळावर ओरखडे उठतात. हिरडीखाली क्युरेट वापरावा, कारण त्याची पाठ आणि टोक दोन्ही गोलसर असतात. युनिव्हर्सल क्युरेटच्या पात्याचा सपाट पृष्ठभाग, म्हणजे फेस, शँकच्या (दांडा आणि पाते यांना जोडणाऱ्या बारीक भागाच्या) शेवटच्या भागाशी ९० अंशांत असल्याने दोन्ही धारा कामास येतात. ग्रेसी क्युरेटचा फेस मात्र सुमारे ७० अंशांत कललेला असतो आणि त्याची एकच धार वापरायची असते. ती ओळखण्यासाठी शँकचा शेवटचा भाग जमिनीला काटकोनात आणि टोक आपल्याकडे करून धरावे. फेस एका बाजूला उतरता दिसतो आणि खाली झुकलेली धार हीच कामाची धार असते.

ग्रेसीचे क्रमांक पुष्कळ आहेत, पण नवशिक्याने पुढच्या दातांसाठी १/२, दाढांच्या मेझियल (पुढच्या) बाजूसाठी ११/१२ आणि डिस्टल (मागच्या) बाजूसाठी १३/१४ एवढे आधी हाती बसवावेत, असे मला मनापासून वाटते. दांडा जाडसर, हलका आणि खरखरीत निवडावा. बारीक, गुळगुळीत दांडा घट्ट आवळावा लागतो आणि बोटे लवकर थकतात.

अंगठा आणि तर्जनी दांड्यावर समोरासमोर, मधले बोट शँकवर आणि अनामिका जवळच्या, न हलणाऱ्या दातावर टेकलेली असावी. फेस दाताकडे जवळजवळ मिटवून पाते अलगद हिरडीखाली न्यावे, कीटणाच्या तळाशी पोहोचल्यावर कोन ४५ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडावा आणि टोकाकडील तिसरा हिस्सा दाताला चिकटवून लहान, नेमका ओढा घ्यावा. ग्रेसी वापरताना शँकचा शेवटचा भाग दाताच्या पृष्ठभागाला समांतर ठेवला की कोन आपोआप जुळतो. दाब फक्त ओढताना द्यावा आणि प्रत्येक ओढ्यानंतर बोटे सैल सोडावीत.

धारेकडे दुर्लक्ष झाले, तर वरचे सारे नियम पाळूनही काम बिघडते. बोथट पाते कीटण उचलत नाही, ते त्यावरून घसरत जाते आणि वरचा थर घोटून गुळगुळीत करते. मग एक्सप्लोररच्या टोकालाही तो मुळासारखाच लागतो आणि मागे राहून जातो. तेजस्वी प्रकाशात पाते फिरवून पाहावे : बोथट धार चकाकत्या रेषेसारखी दिसते, तीक्ष्ण धार प्रकाश परावर्तित करत नाही. धार लावताना दगड आणि फेस यांच्यात १०० ते ११० अंशांचा कोन ठेवावा आणि क्युरेटचे टोक गोलसरच राहील याची काळजी घ्यावी. वापरलेले उपकरण स्वच्छ व निर्जंतुक करूनच दगडावर घ्यावे, कारण निसटलेल्या पात्याने बोट कापले जाऊ शकते, आणि धार लावल्यानंतर ते पुन्हा ऑटोक्लेव्ह करावे, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करावे.