रिलॅक्सर केलेले आखूड केस जपताना या चुका टाळा

रिलॅक्सरने, म्हणजे कुरळे केस कायमचे सरळ करणाऱ्या रसायनाने, सरळ केलेले केस जपायचे म्हणून बारीक वेण्या घालून घेतल्या, सहा आठवड्यांनी सोडल्या, आणि आरशात पाहिलं तर कानशिलाजवळचे केस पार विरळ. ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता कुणी वेण्या दाखवल्या की मी नक्षीकडे नंतर बघते, आधी बोटांनी मुळं चाचपते. वेण्या, पीळ, छोटे अंबाडे यांना 'प्रोटेक्टिव्ह स्टाइल' म्हणतात, कारण त्यांत केसांची टोकं झाकली जातात, रोजची फणी थांबते, गरम इस्त्री थांबते. पण मूळ ओढलं जात असेल तर टोकं झाकून काय उपयोग?

जोडाची जागा न ओळखणं

सगळ्यात मोठी चूक हीच. रिलॅक्सरमधला अल्कली, बहुतेक वेळा सोडियम हायड्रॉक्साइड किंवा ग्वानिडीन हायड्रॉक्साइड, केसाला कुरळेपणा देणारे गंधकाचे बंध तोडतो. ते पुन्हा पहिल्यासारखे जुळत नाहीत, म्हणूनच तो केस कायमचा सरळ होतो आणि कायमचा थोडा कमजोरही. वरून मात्र महिन्याला साधारण एक सेंटिमीटर नवा, कुरळा केस येत राहतो. दहा-बारा आठवड्यांनी एक केस चिमटीत धरून मुळापासून खाली बोटं सरकवा. आधी खरखरीत वळणं लागतात, मग एका ठिकाणी ती संपतात आणि केस एकदम गुळगुळीत होतो. तो जोड. तुटायचं झालं तर केस बहुधा तिथेच तुटतो.

लांब केसांत हा जोड वेणीच्या वरच्या टोकाला येतो. आखूड केसांत तो जवळजवळ मध्यावर असतो, म्हणजे तिथे तुटला तर निम्मा केस गेलाच. त्यामुळे रिलॅक्सर लांबणीवर टाकून वरून दोन महिने वेण्या ठेवायच्या, हा बेत आखूड केसांना फार महाग पडतो. रिलॅक्सर बंदच करायचं ठरवलं असेल तर वेण्या घालण्याआधी खोल कंडिशनिंग करा, प्रत्येक वेणीसाठी केसांचा भाग जाड घ्या, आणि मुदत चार आठवड्यांपुढे नेऊ नका.

उलटी चूकही तितकीच वाईट: आज रिलॅक्सर, उद्या वेण्या. टाळू हुळहुळी असते, केस नुकताच रसायनातून निघालेला असतो. मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. वेण्या सोडल्यावर पुन्हा रिलॅक्सर लावायचा असेल तरी तेवढंच अंतर ठेवा. दक्षिण आफ्रिकेत याचा अभ्यास झाला, तेव्हा ताणामुळे होणारी केसगळती रिलॅक्सर केलेल्या केसांवर वेण्या घालणाऱ्यांमध्ये अधिक आढळली होती.

"दोन दिवसांत सैल होईल" यावर विश्वास ठेवणं

सरळ केलेला केस निसटतो. आखूड असला तर बोटांत धरायला मिळतच नाही. मग घालणारीचा हात आपोआप घट्ट होतो, त्यात जोडीला गंगावनाचं वजन. उठण्याआधी भुवया वर करून पाहा, मान दोन्हीकडे वळवा. कपाळ ताणलं जातंय किंवा डोकं ठणकतंय, तर त्या वेण्या तिथल्या तिथे सोडायला सांगा. संकोच करू नका. मुळाशी बारीक पांढऱ्या पुळ्या दिसणं, किंवा मुळाभोवतीची कातडी तंबूसारखी वर उचललेली दिसणं, ही ताण जास्त झाल्याची खूण. वेदनाशामक गोळी घेऊन झोपलं तर दुखणं जाईल, ओढ जाणार नाही. आणि ही ओढ महिनोनमहिने राहिली तर मूळ कायमचं मरतं, मग तिथे केस येत नाही.

गंगावन लावायचंच असेल तर गाठीशिवाय सुरू होणाऱ्या वेण्या घ्या. त्यात सुरुवातीचे पेड तुमच्याच केसांचे असतात, गंगावन पुढे थोडं थोडं मिसळत जातं, त्यामुळे मुळावरचा भार कमी होतो. केस बोटाच्या दोन पेरांएवढेही नसतील तर गंगावनाचा हट्ट सोडा. टाळूलगतचे दोन पेडांचे पीळ किंवा बोटाभोवती गुंडाळलेली वळणं त्या लांबीला छान बसतात, आणि घरी स्वतःलाही जमतात. कपाळाकाठची बारीक लव कशातही गुंफू नका. ती जेलने चापून बसवणं आणि वर पट्टा आवळणं हे रोज नको.

खाज सुटली की तेल ओतणं

वेण्या घातल्यावर दोन-तीन दिवसांत खाज सुटली तर आधी कृत्रिम गंगावनावर संशय घ्या. त्याच्या धाग्यांवर एक लेप असतो, तो अनेकींना सोसत नाही. पुढच्या वेळी गंगावन व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात भिजवा, पाण्यावर पांढुरका थर आला की स्वच्छ धुऊन वाळवा, मगच वापरा. पुरळ किंवा सूज आली असेल तर वाट न पाहता वेण्या काढा.

कोंड्याची खाज असेल तर तेलाने ती वाढते. कोंड्याशी संबंधित बुरशी त्याच तेलावर पोसते. त्यापेक्षा निमुळत्या तोंडाच्या बाटलीत पातळ केलेला शाम्पू घ्या, भांगाभांगात सोडा, बोटांच्या पेरांनी हलकेच चोळा आणि भरपूर पाण्याने धुवा. आठ-पंधरा दिवसांतून एकदा पुरे. नंतर मुळापर्यंत वाळवा. ओल्या वेण्या बांधून झोपलं की आत कुबट वास धरतो. रात्री सॅटिनचा रुमाल किंवा टोपी घाला, सुती उशी केसांतला ओलावा शोषते.

सोडताना घाई

इथे बऱ्याच जणी घाबरतात. दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे, आणि वेणीत ते खाली न पडता अडकून राहतात. सहा आठवड्यांचा हिशेब २१०० ते ४२०० केसांचा होतो, म्हणजे हातात चांगला मोठा पुंजका. त्यातला एक केस उजेडात धरा. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो आपणहून गळलेला. ठिपका नाही आणि तुकडा आखूड, तर तो तुटलेला. असे तुकडेच जास्त असतील तर पुढच्या वेण्या रद्द.

वेणीच्या मुळाशी धूळ, तेल आणि गळलेले केस मिळून राखाडी गोळा झालेला असतो. त्याला पाणी लावलं की त्याची जट होते. म्हणून आधी कोरड्या केसांवर कंडिशनर किंवा थोडं तेल लावून तो बोटांनी सुटा करा, मग रुंद दातांची फणी टोकांकडून वर न्या, आणि सगळा गुंता निघाल्यावरच डोकं धुवा. त्यानंतर निदान दोन आठवडे केस मोकळे. या काळात कपाळाकाठचे केस भरत नसतील, किंवा तिथली त्वचा गुळगुळीत आणि चकचकीत दिसू लागली असेल, तर वेण्या घालणारीकडे न जाता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.