वस्तीचा कलामहोत्सव कसा भरवावा

गोव्यातल्या वास्कोसारख्या शहरात ‘मूळचे कोण’ हा प्रश्न फार मागे नेता येत नाही. 1880 च्या दशकात मुरगाव बंदर आणि तेथून कुळेमार्गे घाट चढणारा लोहमार्ग झाला आणि त्यामागोमाग हमाल, कारागीर, कारकून, व्यापारी चहूकडून येत राहिले. त्यांतल्या जुन्यांना शहराने आपले म्हटले. पुढे विजापूर, बागलकोट, गदग या भागांतून मजुरीला आलेल्यांची नातवंडे इथे जन्मली, तरी त्यांच्या वाट्याला अजून ‘भायले’ किंवा ‘घाटी’ हेच शब्द येतात. अशा वस्तीत कलामहोत्सव भरवायचा, तर त्यात काय दाखवायचे हे कोण ठरवणार, याचा निकाल मंडपवाल्याला इसार देण्यापूर्वी लागला पाहिजे. पुढील सूचना बायणा-झुआरीनगर भागातील अशाच एका वस्तीत काम करताना, आणि बरेचदा चुकताना, जमा झाल्या आहेत.

तयारीला किमान चार महिने हाताशी ठेवावेत. जानेवारीचा उत्तरार्ध सर्वांत सोयीचा: पाऊस नसतो, परीक्षा अंगावर आलेल्या नसतात आणि उगादीसाठी किंवा गावच्या जत्रेसाठी माणसे अजून निघालेली नसतात. बंजारा कुटुंबे बरीच असतील, तर 15 फेब्रुवारीच्या सेवालाल जयंतीला जोडून तारीख घेता येते. मात्र तो त्यांचा धार्मिक दिवस असल्याने आधी त्यांच्या नायकांना विचारावे. आठवड्याचा वार आपल्या सोयीने ठरवू नये. आम्ही पहिल्या वर्षी रविवारची सकाळ निवडली आणि ज्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांतील निम्म्या बायका त्या वेळी इमारतींमध्ये धुणीभांडी करत होत्या.

पहिले दोन महिने संध्याकाळी घरोघरी बसण्यात जावेत. ‘तुम्हाला कोणती कला येते?’ या प्रश्नाला ‘आम्हाला कसली कला?’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी हळदीला कोण गाते, मयताला कोणाला बोलावतात, हलगी कोणाच्या घरी टांगलेली आहे, असे विचारावे. मग आठवडाभर पुरतील इतकी नावे निघतात. कार्यकारी समितीत प्रत्येक गल्लीतून एक पुरुष आणि एक स्त्री घ्यावी आणि कार्यक्रमाचा क्रम त्यांनीच लावावा. नमुना दूर शोधायला नको. वास्कोतील श्री दामोदराच्या भजनी सप्ताहात निरनिराळ्या व्यवसायांचे समाज आपापले पार, म्हणजे भजनी मिरवणुका, घेऊन येतात आणि आपल्या पाराची जबाबदारी स्वतः वाहतात. तीच रीत गल्लीवार लावावी.

उत्तर कर्नाटकातील गीगी पदांचा एखादा गायक सापडला, तर त्याला आवर्जून संध्याकाळचा मुख्य वेळ द्यावा. डफ आणि तुणतुणे घेऊन उभा राहिलेला तो गायक आणि मागून ‘गी गी’ असा झील धरणारे साथीदार पाहिले, की शाहिरी ऐकत मोठे झालेल्या मराठी श्रोत्याला भाषा न कळताही आपल्याच घरी आल्यासारखे वाटते. निवेदकाने हे नाते दोन वाक्यांत सांगावे, पदाचा आशय आणखी दोन वाक्यांत सांगावा आणि बाजूला व्हावे. ‘आपले कष्टकरी बांधव’ असली प्रस्तावना करू नये. गायकाचे नाव नीट उच्चारले तरी पुरे. फलकावर कोकणी, मराठी, कन्नड या तिन्ही भाषा असाव्यात आणि कन्नड मजकूर वस्तीतल्याच मुलांकडून तपासून घ्यावा.

बंजारा स्त्रियांच्या नाचासाठी उंच रंगमंच टाळावा. त्या फेर धरून, एकमेकींकडे पाहत, आपल्या गोरमाटी बोलीतली गाणी म्हणतात. रंगमंचावर चढवले की फेराची रांग होते, सगळ्यांची तोंडे प्रेक्षकांकडे वळतात आणि पुढचे कडवे कोण उचलणार हे कोणालाच समजत नाही. मैदानात चुन्याने वर्तुळ आखावे, लोकांना भोवती बसवावे आणि मायक्रोफोन मध्यभागी उंच टांगावा. त्यांचा फेटिया, कांचळी आणि टुकरी हा आरशांचा आणि कवड्यांचा पोशाख वजनदार असतो. त्यामुळे सावली, पिण्याचे पाणी आणि कपडे बदलायला बंद खोली ही सोय आधी हवी, सत्काराच्या शाली नसल्या तरी चालतील.

हलगी आणि डफ यांचे कातडे आपल्या दमट हवेत लवकर सैल पडते. वाजवण्यापूर्वी ते शेकावे लागते, म्हणून वादकांना मंडपाच्या कापडापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, शेकोटीची जागा नेमून द्यावी आणि शेजारी वाळूच्या दोन बादल्या ठेवाव्यात. ही जागा नेमली नाही, तर ते मंडपामागे कागद पेटवणारच. शेजारच्या वाड्यावरचे घुमट (मडक्यावर कातडे ताणलेले गोव्याचे वाद्य) वाजवणारे बोलावता आले, तर त्यांना हलगीबरोबर बसवावे. घुमटाला गोवा सरकारने 2019 मध्ये वारसा वाद्याचा दर्जा दिला आहे. हलगीला इथे तसा मान नाही, पण एकत्र बसल्यावर दोघांचे वादक पहिल्या पाच मिनिटांत कातड्यावर बोलू लागतात. घोरपडीचे कातडे वन्यजीव कायद्याने बंद झाल्यामुळे घुमटाला आता बकऱ्याचे कातडे लागते आणि ते कोठून आणायचे, हा विषय संपत नाही.

खाद्यपदार्थांसाठी बाहेरचा ठेकेदार आणू नये. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि भरल्या वांग्यांची एण्णेगायी वस्तीतल्या बायकांनीच करावी. त्यांना पिठासाठी आणि गॅससाठी आगाऊ रक्कम द्यावी, दुकानाचे भाडे घेऊ नये. चूल लोकांना दिसेल अशी मांडावी, कारण भाकरी थापण्याचा आवाज ऐकूनच अर्धी गिऱ्हाइके येतात. विक्रेत्यांची अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आधी करून घ्यावी.

परवान्यांबाबत थोडक्यात: पालिका किंवा पंचायत, पोलीस ठाणे आणि उपजिल्हाधिकारी कार्यालय येथे महिनाभर आधी अर्ज करून कोणता परवाना कोठून मिळतो हे लेखी घ्यावे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून शेवटचा कार्यक्रम साडेनवाला संपेल असा बेत करावा. पारंपरिक गाण्यांना अडचण नसते. चित्रपटगीतांची ध्वनिमुद्रणे वाजवायची झाल्यास हक्कधारकांचा परवाना लागतो. वाजवूच नयेत, हे माझे मत.

जुन्या वस्तूंचे आणि छायाचित्रांचे दालन करायचे असेल, तर मूळ छायाचित्र कधीही भिंतीवर लावू नये. आम्ही एका आजींच्या लग्नाचा एकुलता एक फोटो चिकटपट्टीने पुठ्ठ्यावर लावला आणि काढताना आजोबांचा फेटा पट्टीबरोबर निघून आला. आजी काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून प्रत घेऊन मूळ फोटो त्याच दिवशी परत करतो, प्रत्येक वस्तूची वहीत नोंद करून मालकाची सही किंवा अंगठा घेतो आणि चांदीचे दागिने रात्री दालनात ठेवत नाही. चित्रीकरणासाठीही तोंडी होकारावर भागवू नये. हळदीची किंवा मयताची गाणी सर्वांसमोर जावीत का, हे गाणारीनेच सांगावे.

मानधन कार्यक्रम संपताच, पाकिटात, बाहेरून आलेल्या कलावंतांना देतो त्याच दराने द्यावे. आठ दिवसांच्या आत जमाखर्चाचा कागद तिन्ही भाषांत नळकोंडाळ्याजवळच्या भिंतीवर चिकटवावा आणि त्या संध्याकाळी समितीतील दोघांनी तिथेच थांबावे. पाणी भरायला आलेल्या बायका मंडपाचे बिल वाचून पहिला प्रश्न विचारतात, आणि पुढच्या वर्षीचा मंडपवाला बहुधा तिथेच ठरतो.