सर्व्हिस चालू-बंद करताना या चुका टाळा

एखादी प्रणाली आठ-दहा सुट्या सर्व्हिसमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) विभागली, की प्रत्येकीने काय काम करावे याचा विचार सगळेच करतात; त्या कोणत्या क्रमाने चालू व्हाव्यात आणि कोणत्या क्रमाने बंद व्हाव्यात, हा विचार मात्र बहुधा पहिला घोटाळा झाल्यावर सुरू होतो. इंदूरमधल्या घाऊक व्यापाऱ्यांच्या आणि वाहतूकदारांच्या प्रणाली सांभाळताना त्याच त्या चुका इतक्या वेळा समोर आल्या आहेत, की हल्ली लॉग (सर्व्हिस लिहिते ती नोंदवही) उघडण्याआधीच अंदाज येतो.

सर्वांत लाडकी चूक म्हणजे सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घातलेले ‘स्लीप ३०’. डेटाबेस उठायला वेळ लागतो, म्हणून तीस सेकंद थांबायचे आणि मग बिलिंगची सर्व्हिस चालू करायची, असा त्यामागचा हिशेब. दुकानाचे शटर वर गेले म्हणजे माल काट्यावर आला असे होत नाही. तसेच प्रोसेस (चालता प्रोग्रॅम) चालू होणे आणि तिने काम घेण्यास तयार असणे या दोन निराळ्या अवस्था आहेत. पोस्टग्रेस हा डेटाबेस नीट बंद केलेला असेल तर तीस सेकंद भरपूर होतात. पण वीज जाऊन तो मध्येच पडला असेल, तर उठल्यावर तो आधी वॉल फायलींतल्या (प्रत्येक बदल आधी लिहून ठेवणाऱ्या फायलींतल्या) नोंदी पुन्हा लागू करून डेटा सावरतो आणि तोवर येणारी प्रत्येक जोडणी ‘डेटाबेस सुरू होत आहे’ असे सांगून परत पाठवतो. याला किती वेळ लागेल, हे शेवटच्या चेकपॉइंटनंतर (बदल मुख्य डेटा फायलींत उतरवल्याच्या खुणेनंतर) किती लिखाण झाले होते यावर ठरते. म्हणजे पावसाळ्यात लाईट गेल्यावर, जेव्हा त्या स्लीपची खरी गरज असते, नेमके तेव्हाच ते अपुरे पडते आणि एरवी रोज तीस सेकंद फुकट खाते. यावर नवशिक्यांचा उपाय ठरलेला असतो: तिसाचे साठ करणे.

डॉकर कंपोजमध्ये (सर्व्हिस ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यांत एकत्र चालवणाऱ्या साधनात) नुसते ‘डिपेंड्स ऑन’ (‘यावर अवलंबून’) लिहिले, तर समोरचा कंटेनर चालू होईपर्यंतच थांबले जाते. म्हणून मी डेटाबेसच्या हेल्थचेकमध्ये (तब्येतीच्या तपासणीत) ‘पीजी इझरेडी’ ही डेटाबेस जोडण्या घेतो का ते विचारणारी आज्ञा ठेवतो आणि ‘सर्व्हिस हेल्दी’ ही अट घालतो. तरीही जोडणी न मिळाल्यास एक, दोन, चार सेकंद अशा वाढत्या अंतराने पुन्हा प्रयत्न करण्याची सोय सर्व्हिसच्या आतच असावी, असा माझा आग्रह असतो, कारण डेटाबेस भर दुपारीही पडू शकतो आणि तेव्हा कंपोजने सकाळी पाळलेला क्रम कामाला येत नाही.

दुसरी चूक बंद करण्याची आहे. सियागंज या इंदूरच्या घाऊक बाजारातल्या एका किराणा पेढीत प्रत्येक अपडेटनंतर दोन-चार बिले दोनदा निघत. पेढीचे मराठी मुनीम विचारत, “दादा, माल एकदाच गेला, मग पार्टीच्या खात्यात दोनदा नावे कसा पडला?” सुरुवातीला सगळा संशय रॅबिटएमक्यूवर, म्हणजे सर्व्हिसमधले संदेश रांगेत ठेवणाऱ्या साधनावर, होता आणि एक उत्साही तरुण ते काढून टाकण्याचा प्रस्तावही घेऊन आला होता. मला मात्र खटकली ती निराळीच गोष्ट: सर्व्हिस थांबवण्याची आज्ञा दिली, की दर वेळी बरोबर दहा सेकंद जात आणि एक्झिट कोड (प्रोसेस संपताना मागे राहणारा आकडा) १३७ येई. १३७ म्हणजे १२८ अधिक मारणाऱ्या सिग्नलचा क्रमांक ९, अर्थात ती प्रोसेस थांबली नव्हती, तिला सिगकिलने, म्हणजे तत्काळ मारणाऱ्या सिग्नलने, मारले होते.

कारण कंटेनरच्या सुरुवातीच्या शेल स्क्रिप्टमध्ये होते. तिथे पहिल्या क्रमांकाची प्रोसेस शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, होती आणि सर्व्हिस चालवणारे जावा तिच्या पोटात चालत होते. डॉकरने पाठवलेला सिगटर्म (‘आवरून थांब’ असा सिग्नल) शेलला मिळे, शेल तो पुढे देत नसे, त्यामुळे जावाला काही कळतच नसे आणि ते निवांतपणे नवे संदेश घेत राही. दहा सेकंदांची मुदत संपली की सगळ्यांचाच शेवट. बिल डेटाबेसात लिहिले गेले, प्रिंटरकडे गेले, पण संदेश मिळाल्याची पोच रॅबिटएमक्यूला जायची राहिली, अशा बेतात जो संदेश सापडे, तो जोडणी तुटताच रांगेत परत जाई आणि चालू झाल्यावर त्याचे दुसरे बिल निघे. दुरुस्ती एका शब्दाची होती: जावाच्या आज्ञेआधी ‘एक्झेक’ लिहिणे, म्हणजे शेलची जागा जावाच घेते. त्यासोबत ऑर्डर क्रमांकावर युनिक बंधनही (तोच क्रमांक दोनदा लिहू न देणारे) घातले, कारण वीज जाते तेव्हा आधी कुणी सिगटर्म पाठवत नाही.

‘किल -९’ (सिगकिल पाठवण्याचा मार्ग) हाताशी आहे म्हणून तोच आधी वापरणाऱ्यांना सर्व्हरचा पासवर्ड देऊ नये.

सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत) ‘आफ्टर’ केवळ क्रम ठरवतो आणि ‘रिक्वायर्स’ केवळ गरज सांगतो. एकच लिहून दुसरे गृहीत धरू नका. दोन्ही लिहिले, की बंद होताना क्रम आपोआप उलटा होतो.

सर्व्हिस पडली की ती पुन्हा चालू करणारे सिस्टमडीचे ‘रीस्टार्ट ऑलवेज’ हा इलाज नाही. मूळ मांडणीत दहा सेकंदांत पाच वेळा चालू करून झाले, की सिस्टमडी पुढचा प्रयत्न सोडून देते, आणि सर्व्हिस पडलेली आहे हे सकाळी पहिला ग्राहक आल्यावर कळते.

जावाचे शटडाउन हूक (बंद होताना चालणारे कोडचे तुकडे) एकाच वेळी चालतात, त्यांच्यात क्रम नसतो. काम संपवणे एका हूकमध्ये आणि डेटाबेसचा पूल (उघड्या जोडण्यांचा साठा) मिटणे दुसऱ्यात ठेवले, तर पूल आधी मिटण्याची शक्यता कायम राहते. एकच हूक ठेवा आणि त्यात आधी नवे काम घेणे थांबवा, मग हातातले संपवा, शेवटी पूल मिटा.

कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर कंटेनर सांभाळणारी व्यवस्था) ज्या लाइव्हनेस तपासणीत नापास झालेला कंटेनर रीस्टार्ट करते, तिच्यात डेटाबेस तपासू नका. तो जरा मंदावला, की धडधाकट पॉडही (कंटेनरचे गटही) एकामागून एक रीस्टार्ट होतात. ती तपासणी रेडीनेसमध्ये (पॉडकडे काम पाठवावे का हे ठरवणाऱ्या तपासणीत) शोभते.

बंद होण्यासाठी मिळणाऱ्या मुदतींकडे तर कुणी बघतच नाही. मूळ मांडणीत डॉकर १० सेकंद थांबते, कुबरनेटीस ३० आणि सिस्टमडी ९०, त्यामुळे एका ठिकाणी शांतपणे बंद होणारी सर्व्हिस दुसरीकडे हलवताच अर्धवट मरू लागते. आपल्या सर्व्हिसचे सर्वांत लांबलेले काम किती सेकंदांचे आहे ते लॉगमधून काढा, त्याच्या दुप्पट मुदत लिहा, आणि महिन्यातून एकदा गर्दीच्या वेळी मुद्दाम थांबवून एक्झिट कोड काय येतो ते पाहा.